‘लिहिली आई’: साने गुरुजींवरच्या आठ ओळी आणि त्यावरचा फीडबॅक

हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. कवितेवर फीडबॅक द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे मला या एका प्रकरणात जेवढं कळलं तेवढं आधीच्या पाच-सहा वर्षांत कळलं नव्हतं. आम्ही नाशिकमध्ये आठ-नऊ जण दर पंधरा दिवसांनी रविवारी संध्याकाळी जमतो, बहुतेक वेळा माझ्याच घरी, गंगापूर रोडला. चहा होतो, कोणीतरी चिवडा आणतं, आणि ज्यानं काही लिहिलंय तो वाचतो. संस्था वगैरे नाही, वर्गणी नाही. त्यातली सगळ्यात लहान मुलगी जेलरोडला राहते, वडील प्रेसमधून रिटायर झालेत, ती स्वतः एका दुकानात हिशोबाचं काम बघते. तिच्या परवानगीनंच हे लिहितेय, नाव मात्र घालत नाही, तिचंही नाही आणि बाकी कोणाचंही नाही.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि नाशिकमध्ये त्या आठवड्यात कविता वाचायला निमित्त शोधावं लागत नाही. आम्ही ठरवलं की यावर्षी प्रत्येकानं एका लेखकाच्या आयुष्यावर छोटी कविता लिहायची, दहा-बारा ओळींच्या वर नको. मला वाटलं होतं निम्मे लोक तात्यासाहेबांवरच, म्हणजे कुसुमाग्रजांवरच लिहितील आणि झालंही तसंच. या जेलरोडच्या मुलीनं साने गुरुजी घेतले. जानेवारीच्या शेवटी तिनं वाचलेली कविता ही अशी होती:

पालगडला जन्म, आईचा लाडका श्याम,
अंमळनेरला गुरुजी, हृदयात राम.
तुरुंगाच्या अंधारात लिहिली आई,
साऱ्या महाराष्ट्राची झाली ती माई.
विठ्ठलाचं दार उघडलं उपोषण करून,
साधनेचा दिवा ठेवला पेटवून.
अश्रूंचा महासागर, ममतेचा झरा,
गुरुजी, तुमच्यावाचून देश हा अपुरा.

वाचून झाल्यावर दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मग आमचे सर, हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले आणि म्हणाले, “बाळ, फार छान.” तिथून जे सुरू झालं ते चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चाललं. सरांनी त्यांच्या लहानपणी गावात पडद्यावर बघितलेला ‘श्यामची आई’ सांगितला, तो अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदा मिळालेला सिनेमा. मावशी दापोलीकडच्या, पालगड त्यांच्या माहेरापासून जवळ, त्या तिथल्या तांबड्या मातीबद्दल आणि स्वतःच्या आईबद्दल बोलल्या. कोणीतरी गुरुजींची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, शाळेत म्हणायचो ती, आणि सगळे म्हणायला लागले. मीही म्हटली. वातावरण खरंच भारावलेलं होतं आणि सगळे मनापासून बोलत होते.

पण रात्री भांडी आवरताना माझ्या लक्षात आलं की कवितेबद्दल एक वाक्यसुद्धा कोणी बोललं नव्हतं. जे बोललो ते गुरुजींबद्दल बोललो, आपापल्या आईबद्दल बोललो, सिनेमाबद्दल बोललो. ती पोरगी वहीत लिहून घ्यायला पेन काढून बसली होती आणि तिनं वहीत फक्त “छान” एवढंच लिहिलं होतं, मी बघितलं होतं ते. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला तेव्हा म्हणाली, “ताई, सगळ्यांना आवडली पण मला कळलं नाही की कविता आवडली का गुरुजी आवडले.” हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. सगळ्यांचा लाडका लेखक घेतला की हाच गोंधळ होतो बघा. वाचणाऱ्याच्या मनात त्या माणसाची एक मूर्ती आधीच बसलेली असते, कवितेनं नुसतं नाव घेतलं की मूर्ती जागी होते आणि माणूस तिच्याशीच बोलायला लागतो. कविता बिचारी बाजूला उभी राहते. आणि याचं उलटंही खरं आहे, एखाद्याला तो लेखक आवडत नसेल तर कविता कितीही चांगली असली तरी तो तिच्यावर राग काढतो. दोन्हीकडून लिहिणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी, आणि योगायोग असा की तो रविवार नेमका फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिलं त्या दिवसांत आला, मी वेगळं केलं. कवितेच्या झेरॉक्स काढल्या, मोठ्या अक्षरात, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडून, आणि प्रत्येकाला एक कागद आणि एक पेन्सिल दिली. पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. जिथे थांबावंसं वाटलं तिथे खाली रेघ, जिथून नजर नुसती घसरत पुढे गेली तिथे फुली, जिथे माहितीबद्दल शंका आली तिथे प्रश्नचिन्ह. आणि दहा मिनिटांनंतर बोलताना कागदावरच्या खुणेवर बोट ठेवूनच बोलायचं, “गुरुजी कसे होते” हे आज नाही. सरांना हे थोडं लागलं, म्हणाले की कवितेचं पोस्टमॉर्टेम कशाला करायचं. मी म्हटलं सर, एकदा करून बघू.

आम्ही सात जण वाचणारे होतो. सातपैकी पाच कागदांवर “लिहिली आई” या दोन शब्दांखाली रेघ होती. एकमेकांचं न बघता केलेली! आणि “हृदयात राम”वर सहा फुल्या. “महासागर”, “झरा” यांवर पण फुल्या, फक्त सरांच्या कागदावर तिथे रेघ होती. ती मुलगी कागद एकावर एक ठेवून बघत राहिली, आणि मला वाटतं त्या पाच मिनिटांत तिला जेवढं मिळालं तेवढं पुढच्या दोन तासांच्या बोलण्यातसुद्धा मिळालं नसेल. “लिहिली आई” हे तिला यमक जुळवताना सहज सुचलं होतं. पुस्तकाचं नाव न घेता, पुस्तक आणि आई दोन्ही त्यात येतात, आणि शिवाय आई “लिहिणं” म्हणजे गेलेल्या माणसाला परत उभं करणं, तेही येतं. गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली आणि पुस्तक लिहिलं १९३३ मध्ये, म्हणजे मधे पंधरा-सोळा वर्षं. एवढं सगळं त्या दोन शब्दांत मावतंय आणि लगेच पुढच्या ओळीत यमकासाठी “माई” आणून ती आपणच ते पुसून टाकतेय, हे तिला स्वतःलाच दिसलं, कोणाला सांगावं लागलं नाही.

प्रश्नचिन्हांवर मात्र बरंच बोलणं झालं आणि ते मला सविस्तर लिहायचंय.

पहिलं प्रश्नचिन्ह “लाडका श्याम”वर होतं, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचं. तो म्हणाला श्याम हे पुस्तकातलं नाव आहे, खरं नाव पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, मग आयुष्यावरच्या कवितेत “पालगडला जन्म श्याम” कसं चालेल? मावशी म्हणाल्या की कोकणात काय आणि घाटावर काय, लोकांच्या मनात तेच श्याम, इतकं काय त्यात. दोघांचंही बरोबर होतं. पण त्या बोलण्यातून एक गोष्ट अशी निघाली की सगळे सरळ बसलो. तो मुलगा म्हणाला, “नाव पांडुरंग, आणि उपोषण केलं ते पांडुरंगाच्याच देवळासाठी. हे तुझ्या हातात आयतं होतं आणि तू श्याम घेतलास.” खरंच की! पंढरपूरचं विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषण होतं, इतकी वर्षं हे आपल्याला माहीत आहे पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. मला विचाराल तर अख्ख्या फीडबॅकमधला सगळ्यात उपयोगी मुद्दा हाच होता, कारण यात चूकही दाखवली गेली आणि चुकीच्या जागी काय ठेवता येईल तेही समोर आलं.

दुसरं प्रश्नचिन्ह “तुरुंगाच्या अंधारात”वर. इथे मी स्वतः फुली मारली होती. तुरुंग म्हटलं की अंधार, हे आपण इतक्यांदा वाचलंय की डोळ्यापुढे काही येतच नाही. आणि इथे तर सांगण्यासारखं इतकं काही आहे. तुरुंग कुठला, तर नाशिकचा. कधी, तर ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेला पहाटे लिहून झालं. मोबाईलवर जुनं कॅलेंडर काढलं तर ९ ला गुरुवार आणि १३ ला सोमवार. पाच दिवस! आणि त्या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, पहिली रात्र, दुसरी रात्र असं करत ४२. एवढं हाताशी असताना “अंधार” कशाला हवा? बँकेत असणारे आमचे एक मेंबर म्हणाले तारखा-बिरखा कवितेत रुक्ष वाटतील. मी म्हटलं तारीख रुक्ष वाटेल पण वार नाही वाटणार. गुरुवार-सोमवार हे घरातले शब्द आहेत, आई उपास करते ते वार.

त्याच अनुषंगानं धुळ्याचं निघालं. १९३२ मध्ये गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, फेब्रुवारी ते जून असे अठरा रविवार, आणि ती सगळी गुरुजींनी बसून उतरवून घेतली. गीता प्रवचनांचं पुस्तक आपल्याला मिळालं ते त्यामुळे. बँकवाले म्हणाले की ज्याला स्वतःचं एवढं लिहायचं होतं तो माणूस आधी चार महिने दुसऱ्याचं बोलणं लिहून घेत होता, हे कवितेत आलं पाहिजे. सगळ्यांना पटलं.

आता तिसरं. हे कठीण होतं. “विठ्ठलाचं दार उघडलं उपोषण करून”, या ओळीवर आमच्यातले पंचवटीचे दादा, त्यांनी प्रश्नचिन्ह केलं नव्हतं, त्यांनी पूर्ण ओळीभोवती चौकोन काढला होता. दादा सहसा कमी बोलतात. ते म्हणाले, “मी पंचवटीत वाढलो, काळाराम मंदिराच्या मागच्या आळीत. माझे आजोबा १९३० च्या मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात उभे होते. २ मार्चला सुरू झाला, बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, पाच वर्षं चालला आणि त्या पाच वर्षांत दार उघडलं नाही. मग ही ओळ वाचताना मला असं वाटतं की दार कोणीतरी बाहेरून येऊन उघडून दिलं आणि आम्ही नुसते आत गेलो. गुरुजींबद्दल मला आदर आहे, त्यांनी १ मे ते १० मे १९४७ अन्न सोडलं, त्याच्या आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून आपल्याच लोकांना समजावलं, हे सोपं नव्हतं. पण ते भांडण त्यांचं आपल्या लोकांच्या मनाशी होतं. दाराशी उभे आम्ही आधीपासून होतो.”

सर लगेच म्हणाले, “पण दादा, ही कविता गुरुजींवर आहे, काळारामावर नाही.” दादा म्हणाले, “म्हणूनच म्हणतोय सर, काळाराम घालू नका त्यात. फक्त क्रियापद बदला.”

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दादा कवितेत नवीन विषय घुसवायला सांगत नव्हते, गुरुजींना कमी करायला सांगत नव्हते, त्यांनी एका क्रियापदावर बोट ठेवलं होतं. “उघडलं” कोणी? कर्ता कोण? आयुष्यावरच्या छोट्या कवितेत जागा कमी असते, मग आपण सगळ्या गोष्टींचा कर्ता त्या एका माणसाला करतो, त्यानं हे केलं, त्यानं ते केलं, आणि बाकीची माणसं वाक्यातून गायब होतात. नाशिकमध्ये बसून देवळाच्या दाराबद्दल लिहिताना तर हे चालणारच नाही. ती मुलगी गप्प होती, डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मला वाटलं दुखावली, पण नंतर म्हणाली की मला लाज नाही वाटली ताई, मला बरं वाटलं की कोणीतरी माझी ओळ इतकी खरी धरली.

चौथी गोष्ट कागदावर नव्हती, ती कवितेत नसलेल्या ओळीबद्दल होती. कॉलेजच्या मुलानं विचारलं, “शेवट कुठाय?” गुरुजींनी ११ जून १९५० ला स्वतःचं आयुष्य संपवलं हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलताना आपण “गेले” म्हणून पुढे जातो. तो म्हणाला आयुष्यावर कविता आहे तर हे लपवायचं का? सर एकदम चिडले, म्हणाले लहान मुलं ऐकणार आहेत, आणि ज्यानं एवढं दिलं त्याचं हेच सांगायचं का. दोघांचा आवाज चढला. मग आमच्यात एक ताई आहेत, सिव्हिलला नर्स होत्या, त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. त्या म्हणाल्या, “लपवूही नका आणि सजवूही नका. मी वॉर्डात बघितलंय, मागे राहणाऱ्या माणसांना त्या गोष्टीला सुंदर शब्द दिलेले सहन होत नाहीत. आणि ऐकणाऱ्यांत कोणी आतून मोडलेला असेल तर त्याला तो शेवट मोठा, पवित्र वाटायला नको. तिनं लिहिलंय ना अश्रूंचा महासागर, त्याच्या शेजारी तो शेवट ठेवला तर तेच होईल. कसं, काय, कारण काय, काही नको. ते नाहीत, एवढंच कळलं पाहिजे. मागे राहिलेल्यांच्या बाजूनं लिही.”

सर शांत झाले. मी चहा टाकायला उठले.

त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली, निघता निघता, चपला घालताना मावशींनी तिला विचारलं, “तू पालगड बघितलंयस का गो?” ती नाही म्हणाली. “मग पयली ओळ पालगडला कशाला नेलीस? तू जेलरोडची ना?” बस. मावशींनी कागदावर काहीच खूण केली नव्हती, त्या म्हणाल्या मला पेन्सिल घेऊन वाचता येत नाही. पण हा प्रश्न त्यांचाच.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले, कारण मला वाटत होतं की इतक्या सगळ्या सूचना एकदम पडल्यावर पोरगी घाबरून सोडून देईल. असं होतं, मी बघितलंय. सात जणांचा फीडबॅक म्हणजे सात दिशा, आणि सगळ्यांचं ऐकायला गेलं तर कविता कमिटीनं लिहिल्यासारखी होते. मी तिला फक्त एवढंच म्हटलं की सगळं घेऊ नकोस, जे ऐकताना तुला पोटात काहीतरी झालं तेवढंच घे. ती मला बाहेर घेऊन गेली. बिटकोकडून येणारा तो रस्ता आणि जेलची भिंत, उंच आणि लांबच लांब, एरवी कोणी बघतसुद्धा नाही. म्हणाली, “ताई, मी बारा वर्षं बसमधून ही भिंत बघतेय, शाळेत असल्यापासून. ‘श्यामची आई’ आम्हाला शाळेत वाचून दाखवलं पण हे या भिंतीच्या आत लिहिलंय हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं, आणि त्या दिवशी मी स्टॉप चुकले होते.” मी म्हटलं हे कवितेत का नाही? तर म्हणाली, “मला वाटलं गुरुजींवरच्या कवितेत मी कशी येणार.”

दुसरा ड्राफ्ट तिनं चार दिवसांत केला. त्यात एक जागा होती जिच्यावर परत वाद झाला, “पांडुरंगाच्या गावात दहा दिवस जेवला नाही” अशी ओळ होती, आणि सर म्हणाले गुरुजींना एकेरी? अरे-तुरे? बँकवाले म्हणाले आपण तुका म्हणे म्हणतो, ज्ञाना म्हणतो, विठ्ठलाला अरे म्हणतो, आणि आईला तर कोणीच अहो म्हणत नाही, जवळच्याला एकेरीच शोभतं. सरांना ते पटलं नाही आणि मला सरांची बाजू पण कळत होती, ज्यांनी आयुष्यभर शाळेत “गुरुजी” हा शब्द ऐकलाय आणि स्वतः कमावलाय त्यांना ते “जेवला” टोचणारच. तिनं यावर जो उपाय केला तो मला फार आवडला, तिनं क्रियापदच काढून टाकलं. “दहा दिवस उपाशी.” आता आदर पण गेला नाही आणि जवळीक पण गेली नाही, वाचणाऱ्यानं आपल्या तोंडी जे बसतं ते मनात म्हणावं. मराठीत हे असं करता येतं, आणि फीडबॅकचं सगळंच मान्य करायचं किंवा सगळंच नाकारायचं असं नसतं, दोघांच्या मधून वाट काढता येते, ते मी तिच्याकडून शिकले.

२७ फेब्रुवारीला तिनं वाचली ती ही:

जेलरोड

रोज बसच्या खिडकीतून एक भिंत जाते.
हिच्याआड एका माणसानं
गुरुवारी आई लिहायला घेतली,
सोमवारी पहाटे लिहून झाली.

त्याआधी धुळ्याला
दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेतलं, अठरा रविवार.

नाव पांडुरंग.
पांडुरंगाच्या गावात दहा दिवस उपाशी.
दाराशी माणसं आधीपासून उभी होती.

जूनमध्ये शाळा उघडतात.
पन्नास सालच्या जूनमध्ये गुरुजी नव्हते.

माझा स्टॉप येतो.
भिंत अजून संपलेली नसते.

सोळा-सतरा लोक होते, छोटा हॉल, पंख्याचा आवाज. “गुरुजी नव्हते”ला कोणीतरी मोठ्यानं श्वास घेतलेला ऐकू आला. दादा मागे बसले होते, दाराच्या ओळीला त्यांनी मान खाली घातली आणि नंतर बाहेर आल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. नर्स ताई म्हणाल्या जूनची ओळ बरोबर उतरली, शाळेतल्या मुलाच्या डोळ्यांनी दिसते.

पण सगळंच जमलं असं मी म्हणणार नाही. “अंमळनेर” गेलं. १९२४ ते १९३० गुरुजी तिथे शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांचं सगळं करायचे, आणि गुरुजी हे “गुरुजी” झाले ते तिथेच. नवीन कवितेत शेवटी “गुरुजी” शब्द येतो पण ते शिक्षक कुठे होते ते येत नाही, ज्याला माहीत नाही त्याला जूनची ओळ अर्धीच कळेल. मी तिला हे सांगितलं, तिनं एक ओळ लिहून पण बघितली, “अंमळनेरला दुसऱ्यांची मुलं आपली केली” अशी, पण ती वाचताना जुन्या कवितेतली ओळ परत आल्यासारखी वाटत होती म्हणून काढली. “साधना” पण गेलं, १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं साप्ताहिक, जे आजही चालू आहे, आणि बँकवाल्यांचं म्हणणं आहे की जो लेखक संपादक पण होता त्याच्या आयुष्यातून ते गाळणं ही चूक आहे. मला वाटतं तेरा ओळींत आयुष्य बसवायचं तर काही ना काही दाराबाहेर राहणारच, पण अंमळनेरबद्दल माझं मन अजून खात नाही असं नाही. तिला मी परत विचारणार आहे.

आणि सर. सरांना नवीन कविता आवडली नाही. त्यांनी ते तोंडावर सांगितलं, प्रेमानं पण स्पष्ट, “बाळ, आता ही शहाण्यांची कविता झाली. पहिली माझी होती.” मी यावर बराच विचार केला. पहिल्या वेळी सर रडले होते ते खोटं नव्हतं. त्या आठ ओळींनी त्यांना त्यांचं गाव, पडदा, आई सगळं परत दिलं होतं, आणि नवीन कवितेत भिंतीपाशी एक मुलगी उभी आहे, सरांना उभं राहायला जागा नाही. सातपैकी सहा जणांना दुसरी जास्त आवडली म्हणून सरांचा फीडबॅक चुकीचा ठरत नाही. मी तर आमच्या पुढच्या बैठकीत हे मुद्दाम बोलले, की कविता सुधारताना एक वाचक हातातून गेला, आणि तो कोण हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. ती म्हणाली मला माहीत आहे ताई.

गेल्या रविवारी सर आले तेव्हा तिनं त्यांना एक कागद दिला. जुनी कविता, आठच्या आठ ओळी, स्वतःच्या अक्षरात, काळ्या शाईत लिहिलेली. तिनं त्यात एकच बदल केला होता, “हृदयात राम” काढून तिथे जागा कोरी सोडली होती, आणि खाली पेन्सिलनं लिहिलं होतं, “सर, इथे काय येईल ते तुम्ही सांगा.” सरांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला, आणि मग परत काढून माझ्याकडे पेन मागितलं.